केळव्याला नेलेल्या बग्ग्या

भाविका,

दवाखान्यातून तुझी आई गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून पर्यटकांना वाळूवर फिरवायच्या दोन्ही बग्ग्या अंगणात पडून होत्या. काल एकटाच घेऊन निघालो होतो. जड बग्गी ट्रेलरवर मागे बांधली गेली, त्यामुळे बोईसरच्या पुढे ट्रेलर डुलायला लागला आणि पिकअपही हलायला लागली. अर्ध्यातून परत आलो, तुला बोललो नाही. आज जड बग्गी पुढे घेतली आहे, तरी धाकधूक वाटते. पण आजही गेलो नाही तर केळव्याच्या किनाऱ्यावरची आपली जागा दुसरा कोणी धरेल.

डाळ गरम करून जेव, बाय. पोचल्यावर फोन करतो.

केळव्याला ट्रेलर रिव्हर्स घेताना तुझी आई मागे उभी राहून ओरडायची, "थांबा हो, माड आला." आता मागे कोणाला उभं करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

बाबा