अप्पांची क्रेन

अप्पा, आज खंडेनवमी आहे आणि सकाळपासून माझं डोकं फिरलंय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी भांडण अजून तुमच्याशीच आहे.

मी रिटायर झाले आणि अंतराळ स्थानकावर राहायला आले. लोकांनी विचारलं, एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, तिथं कशालाच वजन नसतं, म्हणजे कुणी काही उचलायला सांगणार नाही. कसलं काय! इथंही घटकाभर डोळा लागला की कुणीतरी तरंगत येतंच. बोल्ट अडकलाय, मॅडम. सोलर पॅनेल उघडेना, मॅडम. अरे, पाने-पक्कड मग कशाला आणलीत, ओवाळायला?

ही सवय तुम्ही लावलीत. पेपरवाले मला सुपरहिरो म्हणायचे, पण रहाटणीत आपल्या गल्लीत मी नुसती 'अप्पांची क्रेन'. आणि तुम्हाला त्याचं कोण कौतुक! दारात कुणी उभं राहिलं की माझ्या आधी तुमचंच उत्तर तयार, "न्या की, घरीच हाय." लेक घरी आहे म्हणजे रिकामी आहे, असा तुमचा हिशेब.

तुमच्या कंपनीतल्या, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधली ती खंडेनवमी मी विसरले नाही. मशिनी धुऊनपुसून चकचकीत, त्यांच्यावर झेंडूच्या माळा, घरच्यांना आत यायची परवानगी. तुम्ही तुमच्या प्रेसला हळदकुंकू वाहता, नारळ फोडता आणि मला बजावता, "हात लावू नको. वर्षभर राबते बिचारी, आज तिला आराम." मग माझे दोन्ही हात पुढं ओढून त्यांनाही कुंकू लावता. मला वाटतं, चला, आज आपणही मशीन. ते कुंकू वाळायच्या आत सुपरवायझर येतो. निघोज्याच्या वळणावर कंटेनर आडवा झालाय, कंपनीचा माल खोळंबलाय. आत माणूस अडकलेला असता तर मी कुणाला विचारलंही नसतं, धावत सुटले असते. पण आत नुसते स्पेअर पार्ट होते! मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "जा गं, तुला काय, दोन मिन्टांचं काम हाय." परत आले तेव्हा हातावरचं कुंकू ग्रीसमध्ये कालवलेलं, आणि प्रेस मात्र माळ घालून निवांत. मला तिचा हेवा वाटला, अप्पा. लोखंडाचा हेवा! आणि वर, घरी गेल्यावर तुम्ही म्हणता, "जेव पोटभर, मग शेजारच्यांची टाकी तेवढी गच्चीवर चढवून दे." तुम्ही वाईट नव्हता, प्रेमळच होता. म्हणून तर जास्त चिडचिड होते, कारण वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

आज सामानाचं यान आलं आणि त्याचं दार अडकलं. आत खाण्याचे डबे आणि कपडे, कुणाचा जीव अडला नव्हता. कमांडर म्हणजे तिशीतली पोरगी. मला म्हणते, "मॅडम, प्लीज, दोनच मिनिटं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आज मशीन बंद." ती हसली, तिला गंमत वाटली. "गंमत नाही, बाई. आज आमची खंडेनवमी आहे. तुमचं तुम्ही बघा." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं, अप्पा. मग त्यांनी हत्यारं काढली, एकमेकांवर ओरडले, घामाघूम झाले. दुपार गेली, पण दार उघडलं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

हे पत्र कुठं टाकू? तुमचा पत्ता इथूनही सापडत नाही. तरी एक सांगते. त्यांची खटपट चालू होती तेव्हा मी माझ्या कोपऱ्यात दार लावून होते, आणि झोपायच्या पिशवीचा पट्टा दोन्ही मनगटांना आवळून बांधला होता. नाहीतर हात आपणहून मदतीला गेले असते.