पॅनमनची नजर

६ ऑक्टोबर, सकाळी ७.
कारखाना बंद पडून पाच महिने. आजपासून कामाचा शोध पद्धतशीर. मोबाईलवर एक सर सांगतात, मोटिव्हेशन आतून यायला हवं. माझं आतूनच आहे. छातीत धडधडतं ते त्याचंच असणार.

८ ऑक्टोबर.
नवीन साखर कारखान्याचा फोन. बॉयलर पेटायच्या आत पॅनमन हवा. बावीस वर्षं हेच केलं. पॅनमधला पाक काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, दाणा धरला का ते सांगायचं. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. ट्रायलला बोलावलंय. 'कळवतो' म्हटलं. हपापलेला वाटू नये. फोन ठेवला तर शर्ट ओला.

११ ऑक्टोबर.
सराव. डब्यातली चिमूट काचेवर पसरून खिडकीत धरली. ज्योतीला म्हणालो, बघ, दाणा कसा एकसारखा, एक नंबर साखर. म्हणाली, अहो, त्यो रवा हाय.
खिडकीत उजेड पुरत नाही.

१४ ऑक्टोबर.
नाक्यावर कांदेवाल्या आसारामनं विचारलं, गहिनीदादा, औंदा कुठं? का घरचीच कढई ढवळायची? सगळे हसले. सांगितलं, तीन कारखाने मागं लागलेत. घरी येऊन कडी लावून बसलो. यापुढे नाक्यावर चहा बंद. अभ्यासाचा वेळ जातो.
ज्योती रोज दुपारी भजनी मंडळाला. घरात नवरा घाम गाळतोय, हिला भजन सुचतं. आणि घरभर कांद्याचा वास. शेजारच्या भीमाबाई फोडण्या फार देतात.

१८ ऑक्टोबर.
होकार कळवायला फोन केला तेव्हा कळलं की ट्रायलआधी मेडिकल. डोळे तपासणार. झोप नाही, अन्न गोड लागेना. मग युक्ती सुचली. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्याचा फोटो काढला, मोबाईलवर मोठा करून पाठ. ई, एफ पी, टी ओ झेड. खालून वरही म्हणतो. तयारी म्हणतात ती ही!

२८ ऑक्टोबर.
मेडिकल. पाय कापत होते, मोटिव्हेशन जास्त झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचा. एका दमात वरपासून खालपर्यंत. त्यांनी पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, काका, तक्ता मराठी आहे.
चष्मा लावून शुक्रवारी दुपारी तीनच्या आत या म्हणाल्या, म्हणजे ट्रायल घेऊ. नंतर दुसऱ्याला बोलावणार.
चष्मा लावून पॅनमन चालतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.
घरी सांगितलं, ट्रायल पुढं ढकलली. ज्योतीनं चष्म्याचे पैसे हातावर ठेवले. रव्याच्या दिवशीच कळलं हुतं, म्हणाली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.
सकाळी चष्मा आणला. डबा घ्यायला घरी आलो. ज्योतीनं डबा पुढं केला तेव्हा तिची बोटं दिसली. टोकं काळी, भेगा पडलेल्या, नखांत कांद्याची सालं. विचारलं, भजन कुठं असतं? म्हणाली, आसारामच्या खळ्यावर, कांदा निवडायला. कधीपासून? म्हणाली, जूनपासनं.
म्हणजे आसारामला माहीत होतं. नाक्यावर हसणाऱ्या सगळ्यांनाच.
ती म्हणाली, माझ्याकडं काय बघताय, तिथं काचंवर बघा, बस चुकंल.
चुकली. पुढची थेट बस दोनला. तीनच्या आत पोचतो, नक्की.
तोवर ज्योतीसमोर चष्मा काढून बसलोय.