पिकअपच्या हौद्यातील वजन घटवू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते देखभाल विभाग, मुख्य कार्यालय.

मार्फत : कुणाच्याही नाही. योग्य मार्गाने पाठवलेले आधीचे दोन्ही अर्ज अद्याप योग्य मार्गातच आहेत.

विषय : कार्यालयीन पिकअप गाडीच्या हौद्यात बसवलेले वजन, म्हणजे खुद्द अर्जदार, यास बारीक होण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : उपविभागीय साहेबांचे ज्ञापन, 'वजनात विनापरवाना घट केल्याबद्दल खुलासा'.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या उपविभागात भांडारपाल आहे. डांबराची पिंपे, खडी, फावडी आणि घमेली यांचा हिशेब ठेवणे हे माझे काम. गेले वर्षभर ते काम शिपाई बघतो, कारण मी बहुतेक वेळ गाडीत असतो. गाडीत म्हणजे गाडीच्या मागे, उघड्या हौद्यात, स्टेपनीवर. हे कसे झाले ते आपल्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे.

१. साहेबांची जुनी मोटार निर्लेखित झाली आणि तिच्या जागी ही पिकअप आली. पिकअप ही मालाची गाडी. तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे टनभर ओझे पेलण्यासाठी केलेले असतात, त्यामुळे हौदा रिकामा असला की ते वाकण्याचे नाव घेत नाहीत आणि खड्ड्याचा दणका थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. त्यात मागच्या दोन्ही शॉकपमधले, म्हणजे दणके गिळणाऱ्या नळ्यांमधले, तेल कधीच गळून गेले आहे. आमचे ड्रायव्हर म्हणतात, "ही बया उपाशी असली की चिडते, पोटात काही पडलं की शांत." वळणावर खड्डा आला तर मागची चाके उडतात आणि गाडीचे ढुंगण आपल्या मर्जीने बाजूला सरकते. अशाच एका वळणावर साहेबांचा चहा, चष्मा आणि फाइल ड्रायव्हरच्या मांडीवर गेली. साहेबांची कंबर धरली ती आठ दिवस सुटली नाही.

२. ड्रायव्हरने सुचवले की मागे वाळूची चार पोती टाकली तर पाटे जरा दबतील आणि गाडी बसेल. मागणीपत्र माझ्याकडे आले. मी ते नाकारले. वाळू हे बांधकाम साहित्य असून कामाचे नाव नसताना ते भांडारातून देता येत नाही. नियम बरोबर आहे आणि आजही माझे तेच म्हणणे आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले, खालपासून वरपर्यंत पाहिले (त्या वेळी मी एकशे अठरा किलो होतो) आणि म्हणाले, "वाळू राहू द्या. तुम्हीच बसा." भांडारपालाला हौद्यात बसवू नये असा नियम शोधण्यासाठी मी सगळी नियमावली पालथी घातली. तसा नियम करावा लागेल असे कुणाच्या स्वप्नातही आले नसावे.

३. आधी मला मागच्या फाळक्यापाशी बसवले. त्याने गाडीचे नाक वर झाले आणि स्टिअरिंग हलके पडले. मग केबिनला टेकवून बसवले, तर शेपूट पूर्वीसारखीच उड्या मारू लागली. शेवटी ड्रायव्हरने मला बरोबर मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीवर सरकवले आणि पाटे एकदाचे दबले. साहेबांचा चहा कपात राहिला व त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या जिवाचे म्हणाल तर तो स्टेपनीवरून उडून परत स्टेपनीवरच पडत असतो. नव्या शॉकपची मागणी मात्र त्याच आठवड्यात परत आली. तीवर शेरा होता की गाडी सुरळीत चालत असल्याने आवश्यकता दिसून येत नाही.

घरी याचा वेगळाच बोभाटा झाला. मी रोज साहेबांबरोबर फिरतीवर असतो हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्या नातेवाइकांत सांगितले की, साहेबांचे यांच्यावाचून पान हलत नाही. मेहुणा शिफारस मागायला आला. "दाजी, साहेबांकडे तुमचं वजन आहे म्हणे. थोडं आमच्यासाठी खर्ची घाला की." मी त्याला सांगितले की वजन आहे, पण ते मागून पडते. तो रागावून गेला आणि अजून बोलत नाही.

४. आता रस्त्यांविषयी, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आमच्या उपविभागात रस्त्यांची पाहणी शास्त्रीय पद्धतीने होते. साहेब पुढे बसतात आणि कंबरेला जे जाणवेल ते लिहितात. मी धुरीवर बसू लागल्यापासून कंबरेला काही जाणवेनासे झाले, त्यामुळे सगळे रस्ते 'उत्तम' झाले. शाळेसमोरच्या ज्या रस्त्यावरील खड्ड्यात सायकलचे अर्धे चाक जाते तो रस्ताही 'उत्तम' आहे. उत्तम रस्त्याला डांबर लागत नाही, म्हणून भांडारातली पिंपे जिथल्या तिथे आहेत. उपविभागाला आपल्याच हस्ते प्रशस्तिपत्र मिळाले. त्या समारंभाच्या फोटोत गाडी आहे, मी नाही.

५. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पाठ खिळखिळी झाली तरी मी ब्र काढला नाही. पण माझी धाकटी बहीण, जी घरी शिवणकाम करते, तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा तिचे रक्त यंत्रातून फिरवून आणावे लागते आणि त्या यंत्रावरही ती फार काळ निभावणार नाही, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले. तिला मूत्रपिंड कोण देऊ शकेल यासाठी घरात सगळ्यांची तपासणी झाली. जुळले ते एकट्या माझे. मात्र या वजनात मला टेबलावर घेता येणार नाही, नव्वदच्या खाली या आणि लवकर या, असे त्यांचे म्हणणे पडले.

मी साखर सोडली, ताटातले निम्मे परत पातेल्यात टाकू लागलो, घरापासून कार्यालयापर्यंत चालत येऊ लागलो. महोदय, मला माझी बहीण हवी आहे. हे वाक्य अर्जाच्या कोणत्या नमुन्यात बसते ते मला ठाऊक नाही, म्हणून इथेच लिहिले.

६. मी उतरू लागलो तसे आमचे रस्ते बिघडू लागले. प्रथम ड्रायव्हरच्या लक्षात आले. "भाऊ, बया परत चिडायला लागली," ते म्हणाले. मग साहेबांच्या अहवालात 'उत्तम'चे 'बरा' झाले, 'बरा'चे 'खराब' झाले. रस्त्यांना या काळात कुणी हातही लावला नव्हता. तरीही मला संदर्भातील ज्ञापन मिळाले की, 'आपण पूर्वसूचना न देता वजन घटवल्यामुळे उपविभागातील रस्त्यांची प्रतवारी घसरली असून याची जबाबदारी आपणावर का निश्चित करू नये?' रस्ते खराब केल्याचा आरोप आजवर पावसावर झाला, ठेकेदारांवर झाला. उपाशी राहणाऱ्यावर झालेला हा बहुधा पहिलाच असावा.

त्यानंतर दर शनिवारी मला भांडारातल्या काट्यावर, डांबराच्या पिंपानंतर, उभे करण्यात येते. कार्यालयीन खर्चाने बिस्किटांचे पुडे येतात आणि मी ते संपवीपर्यंत शिपायाने समोर उभे राहावे असा लेखी आदेश आहे. शिपाई मनाने चांगला आहे. तो भिंतीकडे तोंड करून सगळे पुडे स्वतः संपवतो. त्याचे वजन झपाट्याने वाढत आहे, ही बाब मी अद्याप साहेबांच्या निदर्शनास आणलेली नाही.

मी खुलाशात बहिणीचे कारण दिले. त्यावर साहेबांनी विचारणा केली की, मूत्रपिंड काढल्यावर तेवढे वजन कायमचे कमी होईल, त्याची भरपाई कशी करणार? मी डॉक्टरांना विचारले. दीडशे ग्रॅमच्या आसपास, असे त्यांनी सांगितले. मी कळवले की तेवढ्या वजनाचा पाना मी कायम खिशात ठेवीन. माझा प्रस्ताव विचाराधीन आहे.

हे सगळे मी बहिणीला हसवायला सांगितले, आणि ती हसलीही. "दादा, तुझ्या साहेबांना म्हणावं, मी पण येते हौद्यात बसायला. दोघं मिळून भरू," म्हणाली. ती आता बेचाळीस किलोची आहे. हसून हसून तिला धाप लागली आणि ती शिलाई मशीन धरून खाली बसली. तिला उचलून खाटेवर ठेवले तेव्हा माझ्या हातांना काही ओझेच लागले नाही.

७. रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तारीख दिली. मी रजा मागितली. रजा नाकारण्यात आली, कारण त्याच दिवशी आपण स्वतः आमच्या उपविभागातील रस्त्यांची पाहणी करण्यास येत आहात आणि पिकअपमध्ये पुढे बसणार आहात. मी त्या दिवशी भरपेट जेवून यावे, शक्य असल्यास भिजलेले कपडे घालून यावे, अशी साहेबांची तोंडी सूचना आहे. आपल्याला त्रास होऊ नये ही त्यांची तळमळ मी समजू शकतो.

तथापि काल रुग्णालयाच्या काट्यावर मी एकोणनव्वद भरलो. नर्सने आकडा मोठ्याने वाचला आणि बाकावर बसलेली माझी बहीण तोंडात पदर धरून रडली. माझे वजन कुणाच्या कामी आले असेल तर ते तेव्हाच, आणि कमी होऊन.

सबब, बारीक होण्याची जी परवानगी मी मागितली आहे ती आपण सवडीने द्यावी. मी होऊन बसलो आहे. आपण गाडीत बसाल तेव्हा मी बहिणीच्या शेजारच्या टेबलावर असेन. मागे कुणी नसेल. रस्ता आपल्याला जसा आहे तसाच लागेल. शाळेसमोर आल्यावर वरची कडी घट्ट धरावी, ही विनंती.

आपला, मागून पुष्कळ आणि पुढून काहीच नसलेला,

(सही)
भांडारपाल
दिनांक : आपल्या पाहणीचा आदला दिवस

सोबत :
१. वजनाचा दाखला (रुग्णालयाचा)
२. वजनाचा दाखला (डांबराच्या काट्याचा)
३. रजेचा अर्ज : मंजुरीसाठी नव्हे, माहितीसाठी