गोंधळेकाकूंची कार्डं

प्रिय आई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि ओळींमध्ये जागा सोडलीय. एका बैठकीत संपवू नकोस, डोळे दुखले की ठेव. फक्त वहिनीकडून वाचून घेऊ नकोस, एवढं ऐक. मी फोन केला की तू तो तिच्याच हातात देतेस, म्हणून हा खटाटोप.

इकडे ठीक आहे. बाबा स्वतः स्वयंपाक करतात आणि स्वतःच त्याला नावं ठेवतात. लाँड्रीमागच्या इस्त्रीच्या खोलीतला आमचा साक्षरतेचा वर्ग मजेत चाललाय. मोठ्या माणसांना लहान मुलांचं पुस्तक दिलं की ती अवघडतात, म्हणून मी औषधांची रिकामी पाकिटं, कपड्यांवरची लेबलं, शिंप्याची टेप, वजनकाटा, पुठ्ठ्याचं घड्याळ, हाताला लागेल ते नेते. वर्गात येणारा रखवालदार आता ड्युटी संपायला किती वेळ उरला ते अचूक सांगतो. सारखा सांगतो, हाच काय तो त्रास.

पण सगळ्यांची लाडकी ती कार्डं. गोल अंबाडा, काखेत छत्री, अशा आमच्या गोंधळेकाकू, आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य. काकूंनी नवऱ्याची झोपेची गोळी घेतली. काकू पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरल्या. लोक पोट धरधरून हसायचे आणि पुढचं कार्ड आपल्यालाच मिळावं म्हणून भांडायचे. दुसऱ्या वर्गांनीही संच मागितले, छापखान्याशी बोलणं झालं, माझे पाय काही जमिनीवर नव्हते. हे सगळं सुचतं कुठून, असं कुणी विचारलं की मी नुसती हसायचे. आपल्या घरातून, असं कधी म्हटलं नाही.

तू तरी मला कुठे सांगितलं होतंस, सकाळच्या वर्गात नाव घातलंयस म्हणून? तिथल्या बाई आजारी पडल्या, मी त्यांच्या जागी आले आणि बघते तर शेवटच्या बाकावर तू! इतका आनंद झाला की माझं डोकंच चालेना. तुलाच उभं केलं आणि गठ्ठ्यातलं वरचं कार्ड पुढे केलं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत तू वाचलंस, ‘काकू चुकीच्या बसमध्ये बसल्या.’ सगळे हसले. तू त्या छत्रीकडे बघत राहिलीस. मग कार्ड टेबलावर नीट ठेवलंस, पिशवी उचललीस आणि निघालीस. मला वाटलं घरी गेलीस. तू थेट दादाकडे गेलीस.

आई, आयुष्यात तू वाचलेलं पहिलं सबंध वाक्य मी तुझी थट्टा करायला लिहिलेलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटते. आणि ते वाक्यसुद्धा अर्धंच. तुझी बस चुकली त्या दिवशी मी आजारी होते आणि तू हॉस्पिटलात माझ्याकडे येत होतीस. लाल पट्टीवरून बस ओळखायचीस, आणि नेमका आमच्या बसचा रंग बदललेला. शहराच्या भलत्याच टोकाला उतरलीस, विचारत विचारत चालत आलीस, पायांना फोड आले होते. उशीर का झाला म्हणून मी रडले, तर म्हणालीस, जरा फिरून आले. कार्ड करताना हे सगळं मला आठवत होतं. मी ते गाळलं, कारण मग कुणी हसलं नसतं.

छापखान्याला नाही म्हणून कळवलंय. या पाकिटात सगळी कार्डं आहेत. तुझी आहेत, फाडून टाकलीस तरी चालेल. त्यांच्या खाली एक कोरं कार्ड आहे, त्यासाठीच हे पत्र. माझ्या फजित्या तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक आहेत? त्यातली एक लिही, झोंबली तरी चालेल, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. सकाळच्या वर्गात मी ते उभी राहून मोठ्याने वाचीन. सगळे हसतील तेव्हा शेवटच्या बाकावर तू हवीस.

तुझीच,
धांदरट