बिनापाण्याच्या मुलखाकडे निघताना

अहो,

हाक मारली की ओसरीतून "काय गे?" येणार नाही, हे आता अंगवळणी पडलंय. तरी आज लिहायला बसले. कारण उद्या सकाळी तुमची जीप घेऊन आम्ही तिघी राजस्थानच्या वाळवंटाकडे निघतोय. मी, आपली लेक रूपाली, आणि सांगू कोण? तुमची माय! गाडी मी चालवणार. एवढ्या लांब जायचं आणि तुम्हाला सांगायचं नाही, असं कसं होईल?

हसू आलं ना? येऊ द्या. "तुले सायकल सरळ चालवता येत नाई, अन् म्हंते गाडी चालवतो!" असं म्हणून तुम्ही मला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. शेवटी मनोहरभाऊंनी शिकवलं. तेच, तुमच्यासोबत नागभीड-मूल लाईनवर काळी-पिवळी चालवणारे. सुरुवातीलाच मी गाडी तलावाच्या पाळीवर, थेट बांधावर चढवली. खाली आपलीच माणसं जाळं ओढत होती. ती जाळं तिथंच टाकून पळाली! मनोहरभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, बिरेक मधात रायते."

पण तुम्हाला हे वाळवंटाचं वेड लागावंच कसं, तुम्हीच सांगा? तुमचे आजे-पणजे मासोळीवर जगले. तुम्ही आधी पोहायला शिकलात आणि मग चालायला, असं माय सांगते. गडचिरोलीला ड्युटीवर जाणारा तो राजस्थानी जवान एकदा तुमच्या शेजारी बसला काय, त्यानं मोबाईलवर आपल्या गावचे फोटो दाखवले काय, आणि तुम्ही घरी येऊन ताटावर हात तसाच ठेवून तेच सांगत बसलात. झाड नाही, बांध नाही, नजर जाईल तिकडं वाळू. "सुनंदा, जिथं पानीच नाई, तिथं मानसं कशी रायत असतीन? एकदा पाहाचंच."

धान घरात आलं की निघू, तेव्हा तिकडचं ऊन मवाळ असतं, असं दर वर्षी ठरायचं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी पाऊस लांबला म्हणून कापणी मागं पडायची, कधी रूपालीची नर्सिंगची परीक्षा. आणि मग तुम्हीच पुढं निघून गेलात.

तुमच्या मागं इथं काय झालं, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे? सिंदेवाहीच्या पुढं, जंगलातल्या रस्त्यावर, पॅसेंजर भरलेल्या गाडीत तुमचं काळीज थांबलं, एवढी बातमी आली. बातमीच्या मागून गोष्टी आल्या. कोणी म्हणालं, तुम्ही ओरडत होता. कोणी म्हणालं, "पानी, पानी" करत होता आणि कोणाजवळ बाटलीच नव्हती. हे पहिल्यांदा कोण बोललं, देव जाणे. मायनं मात्र तेवढंच धरून ठेवलं.

"पान्यातलं पोरगं माह्यं," ती म्हणायची, "अन् घोटभर पान्यासाठी तडपून गेलं."

जेवायला बसली की ती पाण्याच्या पेल्याकडंच पाहत राहायची. सुकून अर्धी झाली. मी तिची समजूत घालायचे, पण माझ्या आत तरी काय होतं? तुम्ही मला हाक मारली असेल का? कोणी हात धरला असेल का? असले प्रश्न कोणाला विचारायचे?

जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. माय तिकडं पाठ करून बसायची. मी मात्र मनोहरभाऊंकडं गाडी शिकत गेले, लायसन काढलं, ताडपत्री काढून जीप पांढऱ्या रंगाची करून घेतली, कागदपत्रंही घरगुती गाडीची केली. कशासाठी, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. अंगणवाडीतून घरी आले की हात आपसूक चाबीकडं जायचा, एवढं खरं.

यंदा धान पिवळं पडलं तेव्हा जेवताना मी हळूच विषय काढला. माय भडकली.

"काऊन गे, तुले दुसरा मुलूख नाई भेटला? माहा लेक पान्याविना गेला, अन् तुमी बिनापान्याच्या मुलखात चालल्या? मंडईच्या जत्रेचे दिवस येऊन राह्यले. गावोगाव नाटकं लागतीन, पावने येतीन, अन् घराले कुलूप लावाचं?"

ताट सारून ती उठली. संपलं, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, पानी मांगत होता हे मी तं आताच आयकून राह्यलो. त्या दिवशी पुढच्या सीटवर पोंभुर्ण्याकडली शेवंताबाई होती. देवरावले सगळ्यात जवळून तिनंच पाह्यलं. तिले जाऊन इचारा न!"

"भाऊ, हे इतके दिवस का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं नाई. अन् मले तुमाले रडवाचं नव्हतं."

रविवारी सकाळी मी एकटीच निघणार होते. बाहेर येऊन पाहते तर माय जीपच्या पुढच्या सीटवर बसलेली! पदर घट्ट खोचलेला, नजर समोर.

"मी बी येतो. जे असन ते माह्या कानानं आयकतो."

अहो, त्या रस्त्यानं मी पहिल्यांदा गाडी चालवली. सिंदेवाही मागं पडलं, जंगल सुरू झालं. नेमकी जागा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हती, म्हणून प्रत्येक वळणावर तीच जागा वाटत होती. माझे तळहात घामानं स्टेअरिंगवरून घसरत होते. पण गाडी सरळ चालवली हं!

शेवंताबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. आम्ही कोण ते सांगितलं, तशी सूप खाली ठेवून ती मायच्या पुढ्यात येऊन बसली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"लय बोलका होता वो तुमचा पोरगा," ती म्हणाली. "मले इचारे, 'बाई, तुमी कदी वाळू पाह्यली का?' मी म्हनलं, वैनगंगेची पाह्यली. तं हासला. म्हने, 'तशी नाई, दिवसभर गाडी चालवली तरी सरत नाई तशी वाळू. बायकोले घेऊन जातो यंदा.' मंग बोलता बोलता गाडी हळू केली. बाजूले घेतली, हातबिरेक ओढला, चाबी काढली. म्हने, 'बाई, जरासा डोळा लावतो.' अन् स्टेरिंगवर डोकं ठेवलं. आमाले वाटलं, रातचा जागला असन. झोपू दिलं."

"मंग?" मायनं विचारलं.

"मंग काई नाई. मी उठवाले गेलो तं तो गेला होता."

"ओरडला नाई?"

"नाई माय. कनलाबी नाई."

"पानी मांगतलं नाई?"

"पान्याची बाटली माह्या मांडीवरच होती, भरलेली. मांगतलं असतं तं मी दिलं नसतं का? लेकरासारखा झोपला वो तो. मीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडलं नाई."

माय बसल्या जागी वाकली. मला वाटलं, पडते. पण ती रडत होती, आणि ते रडणं वेगळं होतं हो. गाठ सुटल्यासारखं. मग पदरानं तोंड पुसून तिनं शेवंताबाईला म्हटलं, "बाई, मले घोटभर पानी दे." पेला रिकामा केला. दुसरा मागितला. तोही घटाघटा प्यायली.

आणि मी? तुम्ही मला हाक मारली नव्हती, भ्यायला नव्हता, एकटे नव्हता. शेवटच्या बोलण्यातही मला घेऊन फिरायला निघाला होता! छातीवरची घोंगडी कोणीतरी उचलून नेली, असं झालं मला. शेवंताबाईच्या गळ्यात पडून मी किती रडले आणि किती हसले, ते तिलाच विचारा.

परतीच्या वाटेवर माय पुढच्या सीटवर झोपली. तोंड उघडं टाकून, इंजिनाच्या वर आवाज काढत! मी मुद्दाम गाडी सावकाश आणली.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तीच म्हणाली, "तिथी थंडी रायते का गे? माही शाल काढून ठेव."

मग घरात जी धांदल सुरू झाली! रूपालीनं नागपूरच्या दवाखान्यातून रजा काढली. धान पोत्यांत भरून झालं. मंडईच्या पाहुण्यांना मायनंच निरोप धाडले, "यंदा मीच पावनी चालली." मनोहरभाऊंनी रेडिएटर, टायर, पट्टे सगळं तपासलं, पाण्याचे दोन मोठे कॅन मागं बांधले. नागपूर, इंदूर, उदयपूर, जोधपूर असे मुक्काम करत, मायच्या तब्येतीनं जायचं. तुमच्या मोबाईलमध्ये त्या जवानाचा नंबर होता. तो आता रिटायर होऊन गावी असतो. मी फोन लावून तुमचं सांगितलं, तसा बिचारा हळहळला. मग म्हणाला, "भाभी, घर आपका है. माँजी को ज़रूर लाना."

माय सुकी मासोळी बांधून घेतेय. मी म्हटलं, त्यांच्या घरी चालत नसेल. तर म्हणते, "मंग मी गाडीत बसून खाईन!" आता हिला काय सांगणार?

एक सांगायचं राहिलंच. निघताना शेवंताबाई म्हणाली, तुम्ही गाडीत डावा हात चोळत होता. तिनं विचारलं तर "काई नाई, कापणीनं दुखते" म्हणालात. अहो, एकदा "दुखते" म्हणायला काय झालं होतं? घरात नर्स लेक आहे, मी आहे, तुमची माय आहे. मी रागवणार होते यावर. पण खरं सांगू, एवढं सगळं ऐकल्यावर राग धरवतच नाही.

म्हणून तुम्हाला वचन देते. वाटेत आमच्यापैकी कोणालाही दुखलं, थकवा आला, भीती वाटली, तर तिथंच बोलायचं. गाडी थांबवायची, दवाखाना गाठायचा, नाहीतर माघारी फिरायचं. वाळवंट कुठं पळून जात नाही. तिघींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवून हे कबूल केलंय.

माय शेजारीच बसलीय. काय लिहितेस म्हणून विचारलं, तसं तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, "लिव त्याले, माहे गुडघे आत्तापासूनच दुखून राह्यले. पन मी चालली."

तुमची,
सुनंदा