पनागियापुढची बांगडी

कव्हाला,
४ नोव्हेंबर २०१३

ती. स्टेर्गिओसदादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं खालच्या मजल्यावर आपल्या धाकटीला, स्टामातियाला, ऐकू जातं. आज लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच, म्हणून हा कागद.

तिच्या मिर्तोचा अभ्यास जोरात चालला आहे. (थू थू थू, दृष्ट नको लागायला.) रोज दुपारी पोरगी वर माझ्याकडे येते. आधी जर्मन, मग पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच पोरांना ही दोन्ही हवी असतात. गावात काम उरलं नाही, जो तो जर्मनीची वाट धरतो. म्हणून मीही या वयात ती परीक्षा शिकून घेतली: गणित, तर्क आणि इंग्रजी शब्दांचे ढीगच्या ढीग. ती संगणकावर द्यायची असते आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी पळत असते. सवय व्हावी म्हणून मी अंडी उकडायचं घड्याळ टेबलावर ठेवते. ते किणकिणलं की पोरं दचकतात आणि मला आसुरी आनंद होतो. मिर्तो मात्र ते वाजायच्या आत सगळं उरकून माझ्या फ्रिजमध्ये तोंड घालून उभी असते. दोन्हीकडे चांगले गुण पडले की तुमच्या स्टुटगार्टच्या विद्यापीठात तिला जागा मिळेल.

एक विनंती. रविवारी तू तिच्याशी फोनवर जर्मन बोलतोस ते जरा आवर. तुझं ते तिकडचं गावठी वळण तिच्या जिभेवर चढायला लागलंय. परवा तोंडी परीक्षेच्या सरावात ती घरमालकाशी बोलतेय की मासळीबाजारात भांडतेय, तेच मला कळेना.

आता खरं सांगते. काल स्टामातिया क्विन्सच्या फळांचा मुरांबा घेऊन वर आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली की ताई, तू शिकवतेस छानच, पण जरा कमी छान शिकव ना. पोरगी एकदा नापास झाली की तिचा नाद सुटेल, इथेच काहीतरी मिळेल, आणि तू काय केलंस ते कुणालाही कळणार नाही. पोटच्या पोरीचं वाईट चिंततेस, लाज वाटू दे, असं मी तिला सुनावलं. ती हातातली लग्नाची सोन्याची बांगडी नुसती गोल गोल फिरवत राहिली. तिचा नवरा लेफ्टेरिस बोटीवर होता तेव्हा वादळाच्या दिवशी ती अशीच फिरवायची. तो गेला त्यालाही आता वर्षं झाली, आणि मिर्तोशिवाय तिला दुसरं आहे कोण? मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. काय करू ते तूच सांग.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
इव्हान्थिया


स्टुटगार्ट,
१९ नोव्हेंबर २०१३

चि. इव्हान्थियास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या जर्मनला नावं ठेवायचं काम तुझं नाही. याच गावठी जर्मनवर मी इतकी वर्षं खानावळ चालवली आणि तुझ्या वहिनीलाही पोसलं. ती म्हणते की तिने मला पोसलं, पण ते असो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टामातियावर मला रागावता येत नाही. आई गेली तेव्हा मी पोहोचेपर्यंत तिला मातीआड केलेलं होतं. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती, हे तूच मला सांगितलंस. जो जातो तो दाराची दुसरी बाजू बघत नाही. स्टामातियाने ती बघितली आहे.

तरीही तू शिकव. चांगलं, अगदी निष्ठुरपणे शिकव. मी इथे तोंड बंद ठेवून उतरलो. मुकादम काय ओरडतोय ते कळायचं नाही म्हणून नुसता हसायचो, आणि हसलो म्हणून आणखी ओरडा खायचो. पोरीला जायचंच असेल तर ती आज ना उद्या जाणारच. अर्धवट शिकून गेली तर माझ्यासारखी जाईल. तू कमी शिकवलंस तर ती थांबणार नाही, फक्त मार खाईल.

तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. तुझ्या वहिनीने, फ्रोसोने, पडदेसुद्धा शिवले, पिवळे. मला आवडले नाहीत, पण मला कोण विचारतं?

स्टामातियाला सांभाळ. आहात तशाच माझ्या राहा.

तुझा,
स्टेर्गिओस


कव्हाला,
२२ जानेवारी २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जर्मनची परीक्षा नाताळाच्या आधी झाली आणि मिर्तो पास झाली. पण आता माझ्या डोक्यावर दोन दगड आहेत.

पहिला मिर्तोचा. प्रवेशपरीक्षेच्या सरावात तिचे गुण घसरत चालले आहेत. आधी मला वाटलं, थकली असेल. मग तिच्या चुका नीट बघितल्या. जी गणितं सोडवताना माझी दातखीळ बसते ती तिची बरोबर, आणि शाळकरी पोराला येतील ती चूक. अवघड सोडवणारा माणूस सोपं चुकत नाही दादा, चुकवतो. मी तिला सरळ विचारलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली की आई परवा पोरीच्या खोलीत पोरीच्याच जुन्या कपड्यांच्या घड्या घालत रडत होती, आणि मिर्तोने ते दारातून बघितलं. बाकीचं मला कळलं. पोरगी आईसाठी मुद्दाम नापास व्हायला निघाली आहे. मी समजावलं, ओरडले, घड्याळ आपटलं. ती ऐकून घेते आणि सोपं गणित पुन्हा चुकवते.

दुसरा दगड स्टामातियाचा. रविवारी आम्ही दोघी चर्चमध्ये गेलो. बाळाला कडेवर घेतलेल्या पनागिया माउलीच्या तसबिरीपुढे तिने हातातली बांगडी काढली, फितीत ओवली आणि इतरांनी नवसाला वाहिलेल्या चांदीच्या पत्र्यांच्या ओळीत टांगली. लेफ्टेरिसला निरोप देतानाही जी काढली नव्हती ती बांगडी! आपल्याकडे वाहिलेल्या वस्तूमागचं मागणं विचारायचं नसतं, आणि पुरं होईपर्यंत ते सांगायचंही नसतं. मीही विचारलं नाही. बाहेर अंगणात तिनेच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं. पोरीची परीक्षा बिघडू दे, एवढंच मागितलं होतं तिने.

आता दोघीही एकच गोष्ट मागताहेत आणि दोघींनाही एकमेकींचं माहीत नाही. मी गप्प बसले तर दोघींचंही मागणं पुरं होईल, आणि मिर्तोचा जन्म फुकट जाईल. झोप लागत नाही.

तुझा आधार असाच राहू दे.

तुझी,
इव्हान्थिया


कव्हाला,
१७ फेब्रुवारी २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. तारीख आधी कळवली नाही याचा राग मानू नकोस. दृष्टीच्या भीतीने आम्ही ती शेजाऱ्यांनाही कळू दिली नव्हती.

परीक्षेसाठी थेसालोनिकीच्या बसला निघण्यापूर्वी मिर्तो मेणबत्ती लावायला एकटीच चर्चमध्ये गेली होती. तिथून ती धावतच माझ्याकडे वर आली, डोळे लाल. तसबिरीपुढे आईची बांगडी आहे, म्हणाली. ओळखायला तिला वेळ लागला नाही. दात येत होते तेव्हा चावून चावून तिनेच त्या बांगडीला पोचे पाडले होते. ती आईनेच टांगली का, आणि माझ्यासाठीच का, असं तिने मला विचारलं.

दादा, मी हो म्हटलं. आईनेच टांगली, तुझ्यासाठीच, एवढंच म्हटलं. यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी त्या क्षणापासून मला खोटारडीसारखं वाटतंय. ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली की आईने आपली सगळ्यात लाडकी वस्तू मी पास व्हावं म्हणून दिली, आणि मी काय करायला निघाले होते! आईशी ती यावर चकार शब्द बोलली नाही. नवस बोलून दाखवला की फळत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. खाली जाऊन तिने आईच्या रिकाम्या मनगटाचा मुका घेतला आणि बस पकडली. स्टामातिया माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली.

परत आल्यावर मिर्तो म्हणाली की एकही प्रश्न सोडला नाही. मला आनंद झाला, आणि खाली स्टामातियाच्या स्वयंपाकघरात जायची हिंमत झाली नाही. मी पाप केलं का रे? तू मोठा आहेस, तूच सांग.

रागावलास तरी माया सोडू नकोस.

तुझी,
इव्हान्थिया


स्टुटगार्ट,
९ मार्च २०१४

चि. इव्हान्थियास,
अनेक आशीर्वाद.

निकाल कळला. इतके गुण आपल्या घराण्यात आजवर कुणाला पडले नसतील; आपल्या सगळ्यांचे मिळून केले तरी पुरायचे नाहीत.

तू पाप केलंस की पुण्य, ते मला सांगता येत नाही. तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, आणि माझीही झोप उडाली असती. काल स्टामातियाला फोन केला. तिने अभिनंदन नीट स्वीकारलं, मिर्तोला कोट कसला लागेल तेही विचारलं. पण आवाज असा होता की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो.

पोरीला आम्ही जपू. स्वतःला फार कोसू नकोस.

तुझा,
स्टेर्गिओस


स्टुटगार्ट,
२६ ऑक्टोबर २०१४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामाच्या खानावळीत मी बरी आहे, जेवते आहे, कोटाची बटणं लावते आहे. मामी तुझ्यासारखीच ओरडते, फक्त तिचा आवाज मोठा. वर्गात पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि सगळे हसले. मला वाटलं, चुकले. तर म्हणे मी इथल्या म्हाताऱ्या दुकानदारासारखी बोलते. मावशीला सांगू नकोस, ती मामाला फाडून खाईल.

आई, एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. आता मागणं पुरं झालंय, म्हणून सांगता येते. मी त्या परीक्षेत मुद्दाम नापास होणार होते. तुला एकटीला टाकून जायचं माझ्याने होत नव्हतं, आणि नापास झाले तर कुणालाच निर्णय घ्यावा लागला नसता. पण त्या सकाळी मी पनागियापुढे तुझी बांगडी बघितली. मावशीला विचारलं, तीही म्हणाली की तूच टांगलीस, माझ्यासाठीच. बाबा गेले तेव्हाही जी तू काढली नाहीस ती तू मी जावं म्हणून काढून दिलीस. मग माझी भीतीच गेली. सगळी परीक्षा मी ती बांगडी डोळ्यांपुढे ठेवून दिली.

इथे कधी फार एकटं वाटलं की मी स्वतःला तेच सांगते. मी पळून आले नाही, आईने मला पाठवलं. इथल्या मैत्रिणींनाही मी ते सांगितलं.

हिवाळ्यात पायमोजे घाल. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.

तुझी,
मिर्तो


कव्हाला,
१० नोव्हेंबर २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या मिर्तोचं पत्र आलं. तू तिला पत्र टाकायला लावलंस, बरं केलंस. फोनवर हे ऐकलं असतं तर माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.

ताईशी मी आठवडाभर बोलले नाही. मग तीच मुरांब्याची बरणी परत करायला खाली आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. तिला बघून मीही रडले. तिला मी माफ केलं. माउलीला माफ करायला थोडा वेळ लागला.

गावात आता माझी मोठी किंमत आहे. स्टामातियाची बांगडी फळली, म्हणतात. ज्यांच्या पोरांच्या परीक्षा आहेत त्या आया माझ्याकडे येतात आणि तसबिरीपुढे नेमकं काय म्हणायचं ते हळूच विचारतात. मी काय सांगणार? पोरांचं भलं कर म्हणा, बाकी तिच्यावर सोडा, असं सांगते. मी स्वतः असं म्हटलं नव्हतं, हे कुणाला सांगू?

पाद्रीबाबांनी परवा विचारलं की बांगडी परत हवी का, म्हातारपणाला उपयोगी पडेल. मी तसबिरीजवळ गेले, हातही वर केला. पोरीच्या दातांचे पोचे दिसले. मग तशीच मागे फिरले. बांगडी तिथेच राहू दे. माउलीला म्हटलं, मी ज्यासाठी वाहिली होती ते विसर, पोरीने जे समजून घेतलं तेच खरं धर.

दादा, माझं एवढं ऐक. तुला ताईने सगळं लिहिलं असणार, मला ठाऊक आहे. पण मिर्तोला यातलं काही कधी कळू देऊ नकोस, मी गेल्यावरसुद्धा नाही. तिला तिच्या आईने पाठवलं आहे.

सगळ्यांची आठवण रोज येते. तुमचीही येत असेल, असं धरून चालते.

तुझी धाकटी,
स्टामातिया