बाबांची धून

२ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

बाबा तसेच आहेत. तीन आठवडे झाले, तोंडातून शब्द नाही. काल औषध द्यायला गेले तर परक्या बाईचा झटकावा तसा माझा हात झटकला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणतात, ओळखीचं काही कानावर पडू दे. बाबांनी शिकवणीच्या मुलांसाठी स्वतः बसवलेली ती धून तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, आणि त्यांचा कीबोर्डही तुझ्याकडेच आहे. मोबाइलवर पाठवलीस त्यात रस्त्यावरचे हॉर्नच जास्त. आता वायर लावून नीट कॉम्प्युटरवर घे. आणि वाजवताना गुणगुणू नकोस. त्यापायी लहानपणी बाबांच्या लाकडी पट्टीचा मार किती वेळा खाल्लास, आठवतं ना?

वहिनीला नमस्कार. लोभ असू दे, आळस नको.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वायरने माझा जीव खाल्ला. तीस वर्षं मी घड्याळांत तांदळाएवढे स्क्रू चिमट्याने बसवतोय, पण हे यंत्र मला दाद देईना. पहिली वायर भोकात जाईना. दुकानदाराने बदलून दिली, वर म्हणाला की काका, सोपं असतं हो. सोपं! वायर खुपसली की कीबोर्डच मुका. काढली की बोलतो, लावली की गप्प. वाटलं, बाबांची वस्तू माझ्या हातून बिघडली.

तुझी वहिनी म्हणाली, आवाज वायरीतून आत जात असेल, वाजवा तसेच. चार दिवस असा बहिऱ्यासारखा वाजवतोय. हात कुठे पोचलाय तेच कळत नाही, चुकलो की पहिल्यापासून. शेवटी आज एकदाची पुरी झाली. पडद्यावरची हिरवी रेघ उड्या मारत होती, म्हणजे आलं असणार. ऐकून बघायचं त्राण नाही. पेन ड्राइव्ह पाकिटात आहे.

बाबांनी ओळखलं नाही तर मला कळवू नकोस.

तुझा त्रासलेला,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय पाठवलंस हे! कीबोर्डचा एक सूर नाही. ह्यांनी पाहिलं, कॉम्प्युटरने वायरीकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही, स्वतःच्याच माइकने खोली ऐकली. नुसती बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खटखट, खुर्चीची करकर, दुकानदाराचा उद्धार. आणि त्यावर तुझं गुणगुणणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत! इतकी चिडले की बंद करायला उठले.

तेवढ्यात बाबांच्या कपाळाला आठी पडली. मान वळवली, उशीखाली हात घालून काहीतरी चाचपडू लागले. पट्टी शोधत होते, दादा. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "तोंड बंद, बोटं चालव!"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. त्यानंतर पुन्हा गप्प झालेत, पण दाराकडे बघत पडलेत. मला अजूनही ओळखत नाहीत, याचा राग येतो. तो तुझ्यावर काढतेय, काढू दे.

वायर फेकून दे. कीबोर्ड घेऊन पहिल्या गाडीने ये, आणि वाजवताना गुणगुण.

रागासकट तुझीच,
धाकटी